हेल्मेटनं मान मोडते म्हणणाऱ्यांना

निपाणीकर: सकाळी इथं कुणीतरी लिहिलंय, "हेल्मेटच्या वजनानं अपघातात मान मोडते, नुसता दंडवसुलीचा धंदा आहे." खाली 'बरोबर, बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग बघून गप्प बसवेना. ही भीती 1986 च्या एका अमेरिकन संशोधनापासून चालत आलीय. 2011 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चाळीस हजारांवर अपघातांच्या नोंदी तपासल्या. हेल्मेटवाल्यांत मानेच्या मणक्याची इजा 22 टक्के कमी निघाली. जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2008 च्या आढाव्यात डोक्याच्या इजेचा धोका 69 टक्क्यांनी कमी, मृत्यूचा 42 टक्क्यांनी.

खडेबाजारवाला: त्याच कॉक्रेननं मानेबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नाही म्हटलंय, ते का लपवता? माझा मावसभाऊ हेल्मेट घालून पडला, तरी मानेला कॉलर लागलीच.

निपाणीकर: ते म्हटलंय, मान्य. पण 2011 चं काम त्यानंतरचं. आणि हेल्मेट नसतं तर कॉलर घालायला तो राहिला असता का?

खडेबाजारवाला: घरच्या माणसाबद्दल तोंड सांभाळून बोला.

चिक्कोडीची सून: भांडू नका. आमच्या भाऊजींनी हनुवटीखालचा पट्टा लावलाच नव्हता. उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकले, हेल्मेट उडून गटारीत गेलं, डोकं डांबरावर. हेल्मेट घरी आणून बघितलं, आतलं थर्माकोल कुठंच दबलेलं नव्हतं. मार त्यानं घ्यायचा, तो डोक्यानं घेतला.

हुक्केरीकर: आता खरं निघालं! दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रेडियम. असल्या ट्रॉलीवाल्यांना आत टाका.

रायबागचा शेतकरी: टाका की! रात्रभर कारखान्याच्या दारात नंबर लावून बसतो, ऊस वाळला तर वजन आमचंच जातं. तुमची पोरं ऐंशीनं गाडी मारतात त्याचं काय?

हुक्केरीकर: ऐंशीनं असो नाहीतर चाळीसनं, काळोखात उभी ट्रॉली दिसणार कशी? रेडियमला किती पैसे लागतात?

रायबागचा शेतकरी: लावलेलं असतंय. वरनं वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबले की झाकून जातंय.

चिक्कोडीची सून: मग वाढे छाटा. आमच्या घरात अजून त्यांना हातानं भरवावं लागतं.

रायबागचा शेतकरी: वहिनी, तुमच्यापुढं काय बोलू? फडातनं निघताना छाटायला सांगतो. ह्या हुक्केरीकरासाठी नव्हे.

खडेबाजारवाला: पट्ट्याचं पटलं. पण 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेटची विक्री बंद आहे ना? मग हायवेकडेला त्या प्लास्टिकच्या टोप्या कशा विकतात? ते आधी बंद करा, मग आम्हाला शिकवा.

निपाणीकर: त्यात मी तुमच्यासोबत आहे. मावसभावाचं हेल्मेट कसलं होतं?

खडेबाजारवाला: तसलंच.