दोन वर्षांनी व्यायाम सुरू केला आणि मांड्या पार आंबल्यात, आता थांबू की चालू ठेवू?

पहाटफेरी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांच्या गॅपनंतर रविवारी परत व्यायाम सुरू केला. मधे आईचं आजारपण होतं, त्यात रुटीन जे मोडलं ते मोडलंच. आधी नियमित करायचे म्हणून जुनी वही काढली आणि त्यातलंच जसंच्या तसं केलं, स्क्वॉट्स १५ चे ४ सेट, मग लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं), शेवटी स्टेपवर चढउतार. करताना इतकं छान वाटलं, डोळ्यात पाणी आलं की अजून जमतंय आपल्याला. सोमवारी पाय जरा जड होते आणि आज मंगळवारी सकाळी उठले तर मांड्या दगडासारख्या. गंमत म्हणजे जिना चढता येतोय पण उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवं होऊन एकेक पायरी. कमोडवर बसताना शेवटची वीतभर तर पाय धरतच नाहीत, धपकन बसायला होतं.

मैत्रीण म्हणते लॅक्टिक ॲसिड साठलंय, तोच व्यायाम परत जोरात कर म्हणजे निघून जाईल. घरचे म्हणतात आठवडाभर हलूच नकोस. पेनकिलर घेऊ का? नंतर २० मिनिटं स्ट्रेचिंग केलं होतं तरी असं का झालं? मला परत सोडून द्यायचं नाहीये हो, म्हणून विचारतेय.

हळूहळू_पुढे:
ताई, आधी हे सांगतो की काही बिघडलेलं दिसत नाही, आणि तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: चढताना नाही, उतरताना दुखतंय. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, ब्रेक लावत गाडी घाटातून उतरवावी तसा. स्क्वॉटमध्ये खाली जाणं, लंजमध्ये खाली जाणं, स्टेपवरून उतरणं, तुमचा सगळा रविवार याच कामाचा होता. सवय नसलेल्या स्नायूच्या धाग्यांना त्यात बारीक बारीक इजा होते, मग शरीर दुरुस्तीला लागतं, सूज येते, आणि हे सगळं सावकाश होतं म्हणून दुखणं उशिरा येतं. साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त ठणकतं आणि बहुतेक वेळा आठवड्याच्या आत निवळतं. म्हणजे उद्यासुद्धा जड जाऊ शकतं, घाबरू नका.

आपण 'अंग आंबलं' म्हणतो त्यामुळे ॲसिडची गोष्ट पटकन पटते, पण लॅक्टेट, म्हणजे मैत्रीण म्हणते तेच लॅक्टिक ॲसिड, व्यायाम संपल्यावर तासाभरात जवळपास नेहमीच्या पातळीवर येतं. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. हे नवीन ज्ञानही नाही, स्नायूच्या आतच काहीतरी फाटत असावं असं थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रिया-अभ्यासकाने १९०२ सालीच मांडलं होतं. तेव्हा मैत्रिणीचा सल्ला कृपा करून ऐकू नका, दुरुस्ती चालू असताना तोच मार परत कशाला द्यायचा.

घरच्यांचंही पूर्ण बरोबर नाही. पडून राहिलात तर प्रत्येक वेळी उठताना जास्त आखडेल. सपाट जागेवर १०-१५ मिनिटं रमतगमत चाला, दिवसातून दोन-तीनदा. पहिली पाच मिनिटं वाईट जातात, मग पाय सुटतात. गरम पाण्याची आंघोळ, हलक्या हाताने चोळणं, फोम रोलर (स्नायूंवर फिरवायचा फोमचा लाटण्यासारखा रूळ) असेल तर तो, यातल्या कशानेही दुखणं गायब होणार नाही, पण सुसह्य होतं. झोप मात्र पूर्ण घ्या. आणि हो, या दिवसांत स्नायूची ताकद खरोखर कमी झालेली असते, त्यामुळे कठडा धरताय तो धरतच राहा.

स्ट्रेचिंगचं म्हणाल तर त्यावरचे प्रयोग एकत्र तपासून झालेत, दुखणं १०० गुणांच्या पट्टीवर एखाद्या गुणाने, फार तर चार गुणांनी कमी होतं. बरं वाटत असेल तर करा, पण त्याने हे टळत नाही.

सायंतारा:
सेम टू सेम झालं होतं माझं बाळंतपणानंतर, म्हणजे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. मला खुर्चीने वाचवलं, हाताच्या खुर्चीवरच बसायचे, उठताना हातांवर भार. आणि रात्री गुडघ्याखाली उशी. तीन दिवसांत सुटलं. सोडू नका प्लीज!!

शांत_पाणी:
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लघवीचा रंग बघा. माझ्या भावाने असंच मोठ्या गॅपनंतर एकदम शेकडो बैठका मारल्या, दोन दिवसांनी मांड्या फुगल्या, पाय वाकेना आणि लघवी काळ्या चहासारखी. आम्ही अर्धा दिवस 'अंग दुखणारच' म्हणून घालवला, त्याचं अजून वाईट वाटतं. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटले की त्यातलं द्रव्य रक्तात उतरून किडनीवर येतं, रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. सलाईन लावून चार दिवसांत सावरला. असा रंग, खूप सूज किंवा दर तासाला वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा असेल तरी दाखवा, ते आंबणं नसतं. सांध्यातच कळ येत असेल किंवा करतानाच 'टक्' होऊन दुखलं असेल तर तेही वेगळं.

पेनकिलरचंही याच कारणासाठी, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात किडनीला जड जातात. एवढं दुखत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही सांगा त्यांना, स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात.

पहाटफेरी:
लगेच जाऊन बघितलं, रंग नेहमीसारखा आहे, सूज नाही, दोन्ही मांड्या सारख्याच दुखतायत. गोळी घेतली नाही. दुपारी घरातल्या घरात चालले, खरंच थोड्या वेळाने पाय सुटले. पुढच्या वेळी किती करू?

हळूहळू_पुढे:
ती जुनी वही काही दिवस कपाटात ठेवा. त्यातले आकडे तेव्हाच्या पायांचे आहेत, आणि दम लवकर परत येतो पण स्नायूला ही ब्रेक लावायची सवय नव्याने करावी लागते. जिना नीट उतरता येईल तेव्हा सुरू करा, दुखणं शून्यावर यायची वाट बघायला नको. स्क्वॉट्स ८ चे २ सेट, मागे खुर्ची ठेवून अर्धेच खाली. लंजेस आणि स्टेप अजून नाही. मधे दोन दिवस जाऊ द्या, मग तेवढंच परत. दुसऱ्या दिवशी नुसतं जाणवलं तर पुढच्या आठवड्यात एक सेट वाढवा. या एका वेळच्या दुखण्याने स्नायू बऱ्यापैकी तयार झालेला असतो, तेच काम परत केलं तर कित्येक आठवडे तो इतका कुरकुरत नाही.

पहाटफेरी:
अपडेट द्यायला आले. शुक्रवारी जिना सरळ उतरले, शनिवारी ८ चे २ केले, खुर्ची मागे ठेवून. थांबायला जिवावर आलं, अजून करावंसं वाटत होतं पण थांबले. आज सोमवार, खाली वाकून चप्पल घालताना मांडीत थोडं ओढल्यासारखं वाटलं, बस तेवढंच. उद्या परत तेच करणार आहे.