पंढरपूर कॉरिडॉर: नक्की कोणाच्या सोयीसाठी?

गोपाळकाला
काशीच्या धर्तीवर पंढरपुरात कॉरिडॉर करायची चर्चा २०२२ पासून चालू आहे. मंदिराभोवतीची आणि महाद्वार घाटाकडची घरं, दुकानं, मठ हटवून जागा मोकळी करायची, अशी ढोबळ कल्पना. माझा आक्षेप क्रमाला आहे, म्हणजे आधी काय करायचं आणि नंतर काय, याला. आषाढीला दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, माणूस वीस-वीस तास ताटकळतो. घरं पाडून ही रांग हातभरही आखडणार नाही. गाभारा आहे तेवढाच राहणार आणि पायावर डोकं एका वेळी एकालाच ठेवता येतं.

चंद्रभागेचं तेच. उजनीतून पाणी सोडलं तर स्नान, नाहीतर डबकं. त्यावर आराखड्याच्या चित्रात कारंजी दाखवून काय होणार?

आणि वाडे. त्या बोळांतल्या वाड्यांत त्याच त्याच गावच्या दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. वाडा गेला की तिथे लॉज येईल, आणि ते परभणीच्या शेतमजुराला परवडणार नाही.

स्पष्टवक्ता
रांगेचं मान्य. पण दर्शन झालेल्यांनी बाहेर पडायचं कुठून? एकादशीला लाखो माणसं त्या बोळांत असतात. कोणाला चक्कर आली तर स्ट्रेचर आत जात नाही. चेंगराचेंगरी झाली की हेच लोक 'प्रशासन झोपलं होतं का' म्हणून ओरडणार. काशीतही असाच गदारोळ झाला होता. तिथला परिसर सुमारे ३ हजार चौरस फुटांवरून ५ लाखांवर गेला, घरांच्या आत दडलेली चाळीसेक देवळं उजेडात आली. आज कोणी म्हणतंय का, जुनं होतं तेच बरं होतं?

बुक्कावाला
म्हणतात की. ज्यांची घरं गेली त्यांना विचारा.
आम्ही महाद्वारातलेच. ऐंशीच्या दशकातल्या मास्टर प्लॅनमध्ये आजोबांचं निम्मं दुकान गेलं. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीमाळा हा वाटेवरचा धंदा आहे. कोपऱ्यातल्या संकुलात गाळा दिला तर तिकडे वाट वाकडी करून कोण येतंय? चार वाऱ्यांवर आमचं वर्ष निघतं, साहेब.

मुक्ताई_
सगळे वाडे आणि परंपरा घेऊन बसलात. बायका रांगेत पाणी पीत नाहीत, का ते ठाऊक आहे ना? चंद्रभागेच्या वाळवंटात, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूत, तंबू-राहुट्यांना उच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हाही 'परंपरा मोडली' म्हणून ओरड झालीच. ते प्रकरण हाताने मैला उचलण्याच्या प्रथेचं होतं. वारी झाल्यावर वाळवंटातली घाण ज्यांना उचलावी लागायची, त्यांच्याबद्दल ओरडणाऱ्यांनी चकार शब्द काढला नाही. ज्या देवाच्या दारात चोखोबांची समाधी आहे, तिथे! मला रुंद रस्ताही चालेल. आधी शौचालयं द्या.

गोपाळकाला
मुक्ताई, हेच तर माझं म्हणणं. दिंड्यांसाठी नदीपलीकडे ६५ एकरात सोय झाली, तिथे पाणी आणि शौचालयं आली. त्यासाठी महाद्वारातला एकही वाडा पाडावा लागला नाही.

स्पष्टवक्ता, कामाच्या दर्जाचंही बोला. ऑक्टोबर २०२० च्या पावसात कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून सहा जण गेले. उज्जैनच्या महाकाल लोक या तशाच मंदिर कॉरिडॉरमधले सप्तर्षींचे पुतळे उद्घाटनाला वर्ष व्हायच्या आत, मे २०२३ मध्ये वाऱ्याने आडवे झाले. चारशे-पाचशे वर्षांच्या वस्तीला हात लावायला हेच ठेकेदार येणार ना?

स्पष्टवक्ता
भिंत पडली म्हणून घाटच बांधायचे नाहीत? ठेकेदाराला आत टाका, काम का अडवता? शिवाय ६५ एकर मुक्कामाला ठीक, पण नदी ओलांडून सगळे शेवटी त्याच बोळांत येतात. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

गोपाळकाला
आहे. तिरुपतीसारखं टोकन, वेळ ठरवून दर्शन. आणि जिथे स्ट्रेचर खरंच अडतं ते दोन-तीन बोळ रुंद करा, मी स्वतः पाठिंबा देईन. सरसकट पट्टा साफ करायला नाही.

मुक्ताई_
टोकन मोबाईलवर काढायचं असेल तर आमच्या दिंडीतल्या निम्म्या आज्या बादच.

बुक्कावाला
एक राहिलंच. मोबदल्याचा आकडा चौरस फुटावर काढतात, म्हणजे तो जागामालकाला. महाद्वारात आमच्यासारखे निम्मेअधिक भाडेकरू आहेत. आमचं नाव कोणत्या यादीत आहे?