मदत हवी आहे : उत्खननाच्या टबातले थर एकमेकांत मिसळतात

सहावीला पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीवरून (इ.स.पू. १६०० ते ७००) थर आणि काळ यांचा संबंध दाखवायचाय. मुलांनी खोदायच्या टबात तळाशी ८ सेंमी पिवळी माती म्हणजे माळवा (वस्तीचा सर्वांत जुना काळ), मध्ये काळी म्हणजे आद्य जोर्वे (त्यानंतरचा), वर राखमिश्रित उत्तर जोर्वे (शेवटचा). खापरं फुटक्या माठांची, काळ्या रेघा ओढलेली.

घोळ काळ्या मातीचा. ओली करून चोपली की वाळताना भेगाळते, वरची राख थेट माळव्यात उतरते. कोरडी टाकली तर खड्ड्याच्या कडा ढासळतात. मग कुठलं खापर आधीचं हेच सांगता येत नाही, आणि सगळी गंमत तर तिथेच! काळ्या मातीत वाळू किती मिसळावी? निम्मी चालेल? थरांमध्ये वर्तमानपत्र सुचवू नका. कागद लागला की मुलं मातीचा रंग बघतच नाहीत.