गुलमर्गला चार रात्री, स्की शिकायचंय: बेत कसा आखावा?

डोंगरवेडा
जानेवारीअखेर पुण्याहून तिघं जातोय, दोघं मोठे आणि १० वर्षांची मुलगी. तिघंही अगदी नवशिके. श्रीनगरला राहून रोज वर जाणं स्वस्त पडतंय, चालेल का? बूट, स्की तिथे भाड्याने चांगल्या मिळतात का? गोंडोलाचं (केबल कारचं) तिकीट पहिल्याच दिवसाचं काढू का?

हिमरेषा
श्रीनगरला राहायचा विचार सोडा. अंतर ५० किमीच आहे, पण बर्फ पडला की पायथ्याच्या टंगमर्ग गावाच्या वरचे शेवटचे १३ किमी साध्या गाडीने होत नाहीत. चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी टंगमर्गला करावी लागते. दिवसाचे चार तास रस्त्यातच जातील.

पहिल्या तीन रात्री गुलमर्गला काढा, चौथी मात्र श्रीनगरला. बर्फ किंवा धुक्याने विमानं रद्द होतात, आणि त्यात घाटही बंद झाला तर वरच अडकाल. श्रीनगर विमानतळावर सामानाची तपासणी बाहेरच्या नाक्यापासूनच सुरू होते, तीन तास आधी पोचा. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाचं काही ठेवू नका. आणि हो, बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एक तरी पोस्टपेड हवं.

टाचघट्ट
स्की तिथेच भाड्याने घ्या. हातमोजे (वॉटरप्रूफ), गॉगल आणि लांब मोजे मात्र घरून न्या. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा. थंडीच्या भीतीने लोक दोन जोड्या चढवतात. मग घडी नडगीवर रुतते, रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही, आत फक्त मोजा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. वाकताना टाच उचलली जात असेल तर एक नंबर लहान मागा.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड. दुकानदाराने वजन, उंची, वय विचारून तुमच्यासमोर स्क्रू फिरवून लावलं पाहिजे. आधीच्या गिऱ्हाइकाचं सेटिंग तसंच राहिलं आणि ते घट्ट असलं, तर पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा पिळवटतो. सैल असलं तर जरा वळलात की स्की निघते. बूट बदलला तर पुन्हा लावून घ्या. स्कीची लांबी हनुवटी ते नाक एवढी. दुकानात पडून असलेली जुनी लांबडी जोडी गळ्यात मारतील, घेऊ नका. मुलीला हेल्मेट हवंच.

स्की चढवताना बुटाच्या तळव्याचं बर्फ काठीने खरवडा, नाहीतर टाच 'खट्' करून बसत नाही. उतारावर खालच्या बाजूची स्की आधी.

अफरवट
गोंडोला पहिल्या दिवशी नको. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, साधारण ३१०० मीटर; दुसरा अफरवट डोंगरावर, ३९५० च्या आसपास. पुण्याहून थेट तिथे चढलात तर डोकेदुखी, मळमळ ठरलेली. तिसऱ्या दिवसाचं तिकीट ऑनलाइन काढा. वारा सुटला किंवा रात्री भरपूर बर्फ पडलं की दुसरा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे त्याच्यावर बेत रचू नका.

दुसऱ्या टप्प्यावर स्की घेऊन तर जाऊच नका, तो नवशिक्यांचा उतार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच डोंगरावर ठरलेल्या वाटेबाहेर गेलेला एक रशियन स्कीअर हिमकडा कोसळून दगावला. तुमची जागा खाली, गोल्फ मैदानाजवळच्या उतारांवर. तिथे खेचून नेणारी लिफ्ट असते. तिच्यावर बसायचं नाही, बसलात की आपटलात. उभं राहून फक्त ओढून घ्यायचं.

डोंगरवेडा
आभार. मुलीला वेगळा शिक्षक लावावा का? आणि तीन दिवसांत कितपत येईल?

टाचघट्ट
वेगळा लावा, मुलं लवकर पुढे जातात. नोंदणी असलेलाच घ्या, पैसे आणि तास आधी ठरवा. पहिला दिवस स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबायला शिकण्यात जातो. घाबरून माणूस मागे रेलतो, तिथेच स्की हाताबाहेर जातात. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली ठेवा. तिसऱ्या दिवशी सौम्य उतारावर दोन्हीकडे वळता आलं तरी पुष्कळ झालं.

हिमरेषा
विमा काढताना स्कीइंगचा समावेश आहे का ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो.