खडक ‘ठिसूळ’ म्हणजे कच्चा का? भूऔष्णिक लेखनातील काही शब्द

प्रश्न

फ्रान्समधील सुल्त्झ-सू-फोरे येथील भूऔष्णिक प्रकल्पावर मी एक टिपण लिहीत आहे. सुमारे ५ किलोमीटर खोलीवर, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या ग्रॅनाइटमधून पाणी खेळवून तेथे उष्णता वर आणली जाते. ‘तेथील ग्रॅनाइट कठीण आणि ठिसूळ आहे’ या माझ्या वाक्यावर, कठीण वस्तू ठिसूळ कशी असेल, असा आक्षेप आला. ‘दाबाने पाणी सोडून खडक फोडला जातो’ हे वाक्यही बरोबर आहे का, आणि भेग, तडा, सांधा हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपले पहिले वाक्य शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. अडचण बोलीतल्या अर्थाची आहे. व्यवहारात आपण चुरा होणाऱ्या, हाताने मोडणाऱ्या वस्तूला ठिसूळ म्हणतो, म्हणून त्या शब्दाला दुबळेपणाचा वास येतो. खडकांच्या यामिकीत (बळाखाली खडक कसा वागतो याच्या शास्त्रात) मात्र ठिसूळपणा किती प्रतिबलाला, म्हणजे दर क्षेत्रफळावरील बळाला, खडक तुटतो हे सांगत नाही, तर तो कसा तुटतो हे सांगतो. तुटण्यापूर्वी ज्याच्यात कायमची विकृती, म्हणजे आकारातला बदल, जवळजवळ साचत नाही तो ठिसूळ, मग तो तुटायला कितीही बळ लागो. उलट मृण्मय शेल (चिकणमातीचा थरांचा खडक) हा कमी ताकदीचा असूनही पुष्कळदा ठिसूळ नसतो. तो दाबाखाली हळूहळू आकार बदलत राहतो आणि त्यातली भेग कालांतराने मिटून जाते. पाणी वाहते ठेवायचे असेल, तर हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. ‘मजबूत, पण ठिसूळपणे तुटणारा’ असे लिहिल्यास आक्षेपाला जागा उरणार नाही.

दुसरा प्रतिसाद

तिन्ही शब्दांसोबत येणारी क्रियापदे पाहावीत. तडा जातो, भेग पडते. सांधा, म्हणजे खडकातली जुनी नैसर्गिक फट, मात्र असतो. ग्रॅनाइटमधील सांधे लक्षावधी वर्षांपूर्वीचे असून त्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून लक्षणीय सरकलेल्या नसतात. त्या सरकल्या असतील तर प्रस्तरभंग म्हणावे. नव्याने निर्माण होणाऱ्या फटीसाठी तडा राखून ठेवावा आणि भेग हा सर्वांना कवेत घेणारा शब्द मानावा, असे माझे मत आहे.

यावरून ‘फोडणे’ या शब्दाचाही निकाल लागतो. अखंड खडकात नवा तडा पाडायचा, तर पाण्याचा दाब त्या जागच्या किमान प्रतिबलापेक्षा जास्त हवा आणि शिवाय खडकाच्या ताणसामर्थ्यावरही (ओढले जाताना न तुटण्याच्या क्षमतेवरही) मात करावी लागते. प्रतिबलाच्या दिशेशी अनुकूल कोनात असलेला जुना सांधा मात्र त्याहून कमी दाबालाच घसरतो, कारण आत शिरलेले पाणी त्याच्या दोन्ही भिंतींना एकमेकींवर दाबणारे बळ घटवते. सुल्त्झ येथे मुख्यत्वे हेच घडले. घसरलेल्या भिंतींवरचे उंचवटे आता एकमेकांच्या खाचांत बसत नाहीत, त्यामुळे दाब काढून घेतल्यावरही फट काहीशी उघडी राहते. हे उंचवटे टिकवून धरते ती खडकाची ताकद; मऊ खडकात ते चिरडले जातात आणि केलेले काम वाया जाते. समांतर गुळगुळीत भिंती गृहीत धरल्या, तर प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फरकालाही म्हणूनच किंमत असते. आपण ‘जुने सांधे सरकवून उघडले जातात’ असे लिहावे.

तिसरा प्रतिसाद

एक जोड द्यावीशी वाटते. सच्छिद्रता (खडकात पोकळी किती) आणि पार्यता (त्यातून पाणी किती सहज वाहते) यांची गल्लत आपल्याकडे फार होते. दख्खनच्या कुहरी, म्हणजे बुडबुड्यांची छिद्रे असलेल्या, बेसाल्टमध्ये बुडबुड्यांची पोकळी भरपूर असू शकते, पण ती एकमेकींना जोडलेली नसेल किंवा झिओलाइट, कॅल्साइट या खनिजांनी बुजलेली असेल, तर पाणी पुढे सरकत नाही. शेजारचा घट्ट काळा पाषाण मात्र सांध्यांमुळे विहिरीला पाणी देतो. खोल ग्रॅनाइटबाबत तर ‘खडकाची पार्यता’ म्हणण्यापेक्षा ‘भेगांच्या जाळ्याची पार्यता’ म्हणणेच अचूक ठरेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आभारी आहे, दोन्ही वाक्ये बदलतो. टिपणात स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे भूऔष्णिक प्रकल्पात पाणी सोडल्यावर डिसेंबर २००६ मध्ये झालेल्या ३.४ महत्तेच्या भूकंपाचा उल्लेख आहे. तो प्रकल्प त्यामुळे थांबला आणि पुढे रद्द झाला. तेथे ‘कृत्रिम भूकंप’ हा शब्द चालेल का?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्यांचे उत्तर

तो टाळावा. कृत्रिम म्हटले की सारी ऊर्जा माणसाने पुरवली असा ग्रह होतो. भूकवचात प्रतिबल आधीपासून साचलेले असते आणि पाण्याचा दाब भिंतींमधील पकड सैल करतो, म्हणून ‘प्रेरित भूकंप’ हा शब्द योग्य आहे. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी दक्षिण कोरियातील पोहांग येथील भूऔष्णिक प्रकल्पाजवळ ५.५ महत्तेचा धक्का बसला; प्रकल्पात सोडलेल्या पाण्याच्या मानाने तो फारच मोठा होता. चौकशीअंती पाण्यामुळे आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग सरकला, असे ठरले. कोयनेच्या जलाशयाच्या संदर्भात ‘जलाशय-प्रेरित’ हा शब्द मराठीत रुळलेला आहेच. त्याच धर्तीवर येथे ‘अंतःक्षेपण-प्रेरित’ (आत पाणी दाबून सोडल्याने घडलेला) म्हणता येईल, पण तो जड वाटल्यास ‘पाणी दाबल्याने उद्भवलेला भूकंप’ असे सरळ लिहावे.