वीसच्या आतला पट, मुलामागे दीड लाख, आणि हा हिशोब कुठे फसतो

जमाखर्च (धागाकर्ता)

एका तालुक्याच्या यूडायस (शाळांची सरकारी माहिती प्रणाली) तक्त्यावरून कुणीतरी मांडलेला हिशोब दोन दिवस सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं: वीसच्या आत पट (नोंदवलेली मुलं) असलेल्या झेडपी शाळेत मुलामागे वर्षाला दीड लाख जातात, खासगी शाळेला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतल्या मुलामागे सरकार १७,६७० देतं, तेव्हा या शाळा बंद करा आणि पोरांना गाडी लावा. खाली शंभरेक लोकांनी माना डोलावल्यात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पट १२, शिक्षक दोन. दोघेही ज्येष्ठ, पगार ८०,००० धरा. वर्षाचे झाले १९,२०,०००, मुलामागे १,६०,०००. आता बदल्यांमध्ये दोघे गेले आणि त्यांच्या जागी दोन शिक्षणसेवक (सुरुवातीला मानधनावर नेमलेले शिक्षक) आले. मानधन १६,०००, वर्षाचे ३,८४,०००, मुलामागे ३२,०००. पोरं तीच, वर्ग तेच, खर्च पाचपट कमी! म्हणजे हा आकडा शिक्षकांची सेवाज्येष्ठता सांगतो. त्यावरून शाळा ठेवायची की नाही हे ठरवणं चूक आहे.

१७,६७० हा खासगी शाळेचा खर्चही नव्हे. आरटीईच्या कलम १२(२) प्रमाणे सरकारचा दर मुलामागचा खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांतली जी रक्कम कमी, तेवढी प्रतिपूर्ती मिळते. १७,६७० ही तिची कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेची तुलना सगळ्यात लहान शाळेच्या पगारबिलाशी कशी करता?

मुख्याध्यापकाच्या हातात खरोखर येतं ते संयुक्त शाळा अनुदान. पट १ ते ३० असेल तर १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. पट ३० असला तर मुलामागे ३३३ रुपये, ३१ झाला की ८०६. एका पोराने दाखला नेला की शाळेचे १५,००० गेले. त्या दहा हजारांतले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्या नऊ हजारांत वीजबिल, स्टेशनरी, नळदुरुस्ती आणि छपराचा पत्रा बसवायचा. सादिल (किरकोळ खर्चाचं अनुदान) कधी येईल त्याचा भरवसा नाही. शिवाय पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही, पीएफएमएसवर (सरकारी पैसे वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) खर्चाची मर्यादा येते. ती मार्चमध्ये आली आणि ३१ तारखेच्या आत पेमेंट मंजूर झालं नाही, तर मर्यादा परत जाते आणि तक्त्यात शाळेच्या नावापुढे ‘अखर्चित’ लागतं.

समूहशाळा_हवी

पगाराचा भागाकार चुकीचा आहे, ठीक. पण तुम्ही रुपयांत अडकलात आणि वर्गात काय होतं ते सोडून दिलंत.

पहिली ते चौथी, पट १२, शिक्षक दोन. एक जण प्रशिक्षणाला, बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा पंचायत समितीत माहिती द्यायला गेला की दुसरा चार इयत्ता, खिचडी आणि ऑनलाइन माहिती एकट्याने सांभाळतो. तिसरीत दोन मुलं, चौथीत एक. गटात बोलणं नाही, खेळायला संघ नाही.

आता पदं मोजा. अशा आठ शाळा म्हणजे ९६ मुलं आणि आज १६ शिक्षक. एकत्र केल्या तर आरटीईच्या अनुसूचीप्रमाणे ९१ ते १२० पटाला ४ शिक्षक लागतात, म्हणजे इयत्तेला एक. उरलेले १२ जिथे पदं रिकामी आहेत तिथे जातील. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने समूह शाळांचे (लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवले तेव्हा वीसच्या आतल्या शाळांचा आकडा १४,७८३ असा समोर आला होता. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं तेव्हा दिली गेली. तिथे काय नीट झालं आणि काय नाही यावर बोला. ‘शाळा वाचवा’ म्हणून मोर्चे काढल्याने तिसरीतल्या त्या दोन मुलांना शिक्षक मिळत नाही.

सह्यकडा

आठ शाळा एका ओळीत मांडायला तालुका काय कागद आहे? वाड्या डोंगराच्या दोन अंगांना असतात. नकाशावर दीड किलोमीटर दिसतं, मध्ये ओढा असतो, आणि जून ते सप्टेंबर रस्ता सहा किलोमीटरचा होतो. आपल्या राज्याच्या २०११ च्या आरटीई नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलंय ते याचसाठी.

गाडीचं गणितही करा की. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,०००, म्हणजे दहा महिने ६००. बारा मुलांचे महिन्याला ७,२००. त्यात डिझेल, ड्रायव्हर आणि घाटातल्या रोजच्या दोन फेऱ्या बसवून दाखवा. जीपवाल्याला पैसे दरमहा लागतात आणि भत्ता मागाहून येतो. गाडी बंद पडली की आधी मुली घरी बसतात, मग धाकटी भावंडं. शाळेबरोबर स्वयंपाकी-मदतनीस बाईचं कामही जातं, कारण २५ मुलांपर्यंत एक मदतनीस हा निकष शाळेला लागतो. तुमच्या १२ शिक्षकांच्या बचतीत हे कुठे धरलंय?

पाटी_पेन्सिल

९६ मुलांना ४ शिक्षक हे गृहीत धरूच नका. २०२२-२३ पासून संचमान्यतेला (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याला) आधार वैध असलेलीच मुलं धरायचं धोरण आलं. ९६ पैकी ६ जणांचं आधार जुळलं नाही की पट ९०, आणि ६१ ते ९० ला शिक्षक ३. वर्गात ९६ बसलेत, मान्यता ९० ची. या विषयावर कुणी बोलतच नाही!

आधार अवैध का होतं ते ऐका. जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) नाव जन्मदाखल्याप्रमाणे देवनागरीत, आधारवर घाईघाईने इंग्रजीत टाकलेलं. एका अक्षराचा फरक झाला तरी नाकारलं जातं. काढताना नुसतं वर्ष सांगितलं असेल तर आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असते, रजिस्टरला खरी. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बालआधारला बोटांचे ठसे नसतात, पाचव्या वर्षी ते द्यावे लागतात, ते राहून गेलेले असतात.

दुरुस्तीही क्रमानेच होते. आधी जन्मदाखला मिळवायचा. मग तो आधारशी आणि रजिस्टरशी ताडून चूक नेमकी कुठे आहे ते ठरवायचं. आधारमध्ये असेल तर पालकासह केंद्रावर जायचं, म्हणजे त्याचा एक रोज बुडाला. रजिस्टरमध्ये असेल तर वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय एक अक्षर खोडता येत नाही. त्यानंतर राज्याच्या सरल पोर्टलवर आणि यूडायस प्लसवर पुन्हा पडताळणी. एवढं करेपर्यंत मुदत संपते, आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणजे त्या शाळेतलं त्याचं पद जातं.

जुना_पट

आधारची सक्ती कुणाला हौस म्हणून सुचली नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी करावी लागली. ५० टक्क्यांपेक्षा जास्त अनुपस्थिती निघालेल्या शाळांवरच्या कारवाईचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. कागदावरच्या मुलांच्या नावाने तुकड्या, पदं, तांदूळ, सगळं उचललं जात होतं. ते विसरून आज आधारला शिव्या घालायच्या? एकच मूल दोन शाळांच्या पटावर असेल ते दुसऱ्या कशाने पकडाल?

पाटी_पेन्सिल

बारा पटाच्या वाडीवरच्या शाळेत कोण कुठली तुकडी लाटणार होतं हो? तिथे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) नावानिशी मुलं ओळखतात. २०११ चा घोळ मोठ्या पटाच्या, तुकड्या वाढवणाऱ्या शाळांचा होता, आणि शिक्षा आज एकशिक्षकी शाळेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात आधार नाही म्हणून मुलाचा लाभ अडवू नका असं सांगितलंय. मुलाला प्रवेश दिलात, आणि त्याच्या वाट्याचा शिक्षक काढून घेतलात. हा लाभ अडवणं नाही तर काय आहे?

जुना_पट

घोळ फक्त मोठ्या शाळांतच होता हे कशावरून? १९ चा पट २१ दाखवायचा मोह लहान शाळेलाच जास्त. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर वीसच्या रेषेवर शिक्षकाचं पद टांगलेलं आहे, मोह का होणार नाही? ‘नावानिशी ओळखतात’ हा पुरावा होऊ शकत नाही. तपासणी नको म्हणणाऱ्यांनी आकडे खरे आहेत असं ठामपणे सांगू नये.

पाटी_पेन्सिल

तपासणी नको असं कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका! वर्गात येऊन डोकी मोजा, रोज मोजा. कार्डावरच्या अक्षरावरून मूल नाही असं ठरवू नका, इतकंच.

जमाखर्च

दोघंही थांबा. डोकी कुठल्या तारखेला मोजायची, त्यावर सगळं अवलंबून आहे.

यूडायसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. म्हणजे पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार भागात पट भरलेला असताना मोजणी होते आणि डिसेंबरात वर्ग अर्धा. कुणाला ती पटाची चोरी वाटते, कुणाला गळती. खरं तर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) घेऊन गेलेल्या मुलाचं नाव मूळ शाळेच्या पटावरून कमी करायचंच नसतं, ते मूल मार्च-एप्रिलमध्ये परत येतं.

खरी हजेरी बघायची तर पोषण आहाराची दैनिक नोंद काढा. सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, तीन महिन्यांची सरासरी लाभार्थी संख्या यूडायसच्या पटाशेजारी मांडा. तिन्ही महिन्यांत पटापेक्षा सारखी कमी असेल तर पट फुगवलेला असण्याची शंका घ्या. डिसेंबरात पडून मार्चअखेर वर येत असेल तर स्थलांतर आहे, तिथे हंगामी वसतिगृह लागतं. तिथली शाळा बंद करून काय साधणार?

दुसरा फसवा रकाना गळतीचा. पहिली ते चौथीच्या शाळेतून चौथी पास झालेली मुलं यूडायस प्लसवर ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सुटलेल्या, पुढची शाळा न नोंदलेल्या मुलांच्या यादीत) जातात. पाचवीच्या शाळेने पेन नंबर (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून त्यांना ओढून घेतलं तरच साखळी पूर्ण होते. त्या शाळेने मुदतीत घेतलं नाही तर मूल गळालेलं दिसतं. चौथीत चार मुलं असतील तर एका नोंदीने गळती २५ टक्के! तालुक्याच्या बैठकीत हाच आकडा वाचून मुख्याध्यापकाला उभं करतात. म्हणून नुसती टक्केवारी असलेला तक्ता लहान शाळांसाठी वापरूच नये. मुलांची संख्या लिहा, आणि तीन-चार वर्षांची बेरीज करून पाहा.

समूहशाळा_हवी

ड्रॉपबॉक्सचं बरोबर आहे. गळतीच्या टक्केवारीवरून शाळा बंद करू नये, हे मान्य. पैसा वाचत नाही हेही मान्य करतो, कारण शिक्षक कमी होत नाहीत, दुसरीकडे जातात आणि पगार चालूच राहतो. पण पदं मोकळी होतात हे तुम्ही अजून खोडलेलं नाही.

सह्यकडा

खोडत नाही. सपाटीवर, डांबरी रस्त्याला लागून दीड-दोन किलोमीटरवर दोन शाळा असतील तर एकत्र करा, हरकत नाही. पण तो निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने व्हावा. तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती चढतं ते त्यांना ठाऊक असतं. तक्ता बनवणाऱ्याने फक्त वीसची चाळणी लावली, अंतराचा रकाना उघडलासुद्धा नाही, याचाच संताप आहे.

जुना_पट

ठरावावर अंगठे कसे उमटतात तेही गावाला माहीत असतं. आहाराची नोंदही शाळाच भरते, त्यामुळे तो पुरावा अर्धाच. केंद्रप्रमुखाने डिसेंबरात न सांगता एक भेट द्यावी आणि त्या दिवशीची मोजणी नोंदीशेजारी लावावी. मग मी आधारचा आग्रह सोडतो.

पाटी_पेन्सिल

चालेल. भेट दुपारच्या सुट्टीआधी हवी, आणि भेटीच्या शेऱ्यात हमी कार्डावर गेलेल्या मुलांची संख्या वेगळी लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी हाच शेरा दाखवून पद काढून घेतील.

समूहशाळा_हवी

आणि एक शिक्षक बाहेर असताना चार इयत्ता एकाने कशा शिकवायच्या, यावर इतक्या प्रतिसादांत कुणी एक ओळ लिहिलेली नाही.