धाकट्या भावासाठी केटामाइनच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, कोणी घेतलंय का?

कोलशेतकर
नमस्कार मंडळी, मोठा मेसेज आहे पण प्लीज वाचा. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, ऐरोलीला आयटीत होता, दीड वर्ष झालं डिप्रेशन आहे. दोन वेगवेगळ्या गोळ्या करून झाल्या, थोडा फरक पडतो आणि पुन्हा तेच, आता तर दोन दोन दिवस अंथरुणातून उठत नाही आणि आई त्याच्या दाराबाहेर चहा घेऊन बसलेली असते. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरची जाहिरात दाखवली, 'सायकेडेलिक हीलिंग', म्हणजे भास होतील अशी औषधं देऊन मनावर उपचार, सहा सिटिंगचे ७२ हजार, आधी सगळे भरले तर १० टक्के कमी. फोन केला तर तिथली मुलगी म्हणते अमेरिकेत हे सगळं लीगल झालंय, नशा आणणाऱ्या मशरूमचं पण, एमडीएमए म्हणजे ते पार्टीतलं नशेचं द्रव्य पण, आणि केटामाइन त्यातलंच. पैशांचं बघता येईल, पीएफ काढीन. पण दीड वर्षात पहिल्यांदा पोराने स्वतःहून काहीतरी मागितलंय, त्याला नाही कसं म्हणू? आणि हो म्हटलं आणि काही झालं तर? हे औषध आहे की धंदा, कोणीतरी सांगा.

भूलतज्ज्ञ_वाशी
दादा, मी भूल देते, केटामाइन रोज हातात असतं, म्हणून लिहिते. अमेरिकेत सगळं लीगल झालंय हे धादांत खोटं आहे. एमडीएमएला औषध म्हणून मंजुरी द्या असा अर्ज एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने, ऑगस्ट २०२४ मध्ये परत पाठवला, त्याआधी जूनमध्ये त्यांच्याच सल्लागार समितीतल्या ११ पैकी ९ जणांनी सांगितलं होतं की उपयोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. मोठी अडचण अशी की ट्रायलमध्ये असलं औषध घेतल्यावर पेशंटला लगेच कळतं आपल्याला खरं मिळालंय की तुलनेसाठीचं नकली, मग बरं वाटलं ते औषधाने की आशेने हे वेगळं काढायचं कसं? शिवाय आधीच्या एका ट्रायलमध्ये थेरपिस्टनेच पेशंटशी गैरवर्तन केलं होतं. त्या गुंगीत माणूस किती परस्वाधीन असतो ते मी टेबलावर रोज बघते, त्यामुळे ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.
आपल्याकडे एलएसडी, एमडीएमए, मशरूममधलं सायलोसायबिन ही द्रव्यं एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, ते कोणी देतो म्हणाला तर तिथून उठून या. केटामाइनही त्या कायद्याच्या यादीत आहे, पण ते भुलीचं जुनं औषध आहे, शेड्यूल एक्स म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, दुकानदाराला चिठ्ठीची कॉपी दोन वर्षं जपून ठेवावी लागते. डिप्रेशनसाठी साधारण किलोला अर्धा मिलिग्राम, ४० मिनिटांत सलाईनमधून देतात. बीपी चढतं, आपण शरीराबाहेर गेलोय असं वाटतं, पेशंट घाबरतो. त्याच्याच भावंडाचं, एसकेटामाइनचं, नाकात मारायचं औषध अमेरिकेत मार्च २०१९ ला मंजूर झालं, तेसुद्धा घरी देत नाहीत, दोन तास समोर बसवून ठेवतात. म्हणून सेंटरला एवढंच विचारा की सलाईन चालू असताना खोलीत डॉक्टर कोण असतो. आणि घरात कोणाला मॅनिया म्हणजे अति उत्तेजित होण्याचा किंवा भास होण्याचा आजार आहे का हे त्यांनी आपणहून विचारलं का?

नेरूळ_सेक्टर१९
मी चार वर्षं ओरेगॉनला होतो, तिथे २०२० ला मतदानाने मशरूमला परवानगी मिळाली आणि २०२३ ला सेंटर उघडली. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, २१ वय पूर्ण पाहिजे बस, विमा देत नाही, केंद्राच्या कायद्याने ते अजून गुन्हाच आहे. माझ्या ऑफिसातला एक जण दीड हजार डॉलर भरून आला, त्याला बरं वाटलं, मी खोटं नाही म्हणणार. पण ज्यांना खरी गरज त्यांच्याकडे एवढे पैसे कुठून येणार? मेक्सिकोच्या डोंगरातल्या मारिया साबिना नावाच्या बाईने १९५५ मध्ये एका अमेरिकन बँकरला आपल्या रात्रीच्या मशरूमच्या विधीत बसू दिलं, १९५७ ला त्याने मासिकात लिहिलं, मग परदेशी लोकांची रीघ लागली, पोलीस आले आणि गाव तिच्यावरच उलटलं. आणि आज कंपन्या त्याच सायलोसायबिनच्या स्फटिकावर पेटंट घेऊन बसल्यात. मला याचा संताप येतो.

कळव्याची_मी
सगळे घाबरवताय म्हणून लिहिते. मी केटामाइन घेतलंय, हॉस्पिटलात, माझ्या नेहमीच्या सायकियाट्रिस्टनेच ठरवलं होतं, तीन आठवड्यांत सहा. दुसऱ्यानंतर दोन दिवसांनी मला भूक लागली, भूक!! वरणभात मागून खाल्ला आणि आई रडली. सव्वा महिन्यात असर उतरायला लागला हेही खरं, पण त्या मधल्या दिवसांत मी काउन्सेलिंगला जाऊ शकले, गोळ्या नीट घेतल्या, त्याने पुढचं निभावलं. मशरूमच्या औषधाचंही सगळं हवेत नाहीये, २०२२ मध्ये २३३ जणांवरची ट्रायल छापून आली, मोठ्या डोसवाल्यांतले २९ टक्के तीन आठवड्यांनी जवळपास आजारमुक्त होते, अगदी छोट्या डोसवाल्यांतले ८ टक्के. म्हणजे बाकीच्या ७१ टक्क्यांना तेवढा गुण आला नाही, आणि काही जणांच्या मनात जीव द्यायचे विचार आले म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागलं. दादा, औषधाला नाही म्हणू नका, त्या पॅकेजला म्हणा. सहा सिटिंग झाल्यावर सातव्या आठवड्यात फोन कोण उचलणार?

नौपाडा_आजी
बाळा, तो जगण्याबद्दल काय बोलतो ते आजच विचार, सरळ विचार, विचारल्याने मनात भरत नाही. १४४१६ हा टेलीमानसचा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

कोलशेतकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाऊ शेजारी असताना स्पीकरवर सेंटरला फोन लावला. डॉक्टर ऑन कॉल असतात म्हणाले, घरच्या आजारांचं काही विचारलं नाही, परत सवलतीचंच. भाऊ म्हणाला, 'ठेव फोन.' रात्री आजींनी सांगितलं तसं विचारलं, तो बराच वेळ गप्प होता, मग बोलला, एवढं बोलला जेवढं वर्षभरात नाही. त्याच वेळी १४४१६ लावला, तो स्वतः बोलला, मी आज रजा टाकून त्याच्याजवळच आहे. त्याच्या जुन्या सायकियाट्रिस्टना सगळं सांगितलं, त्यांनी उद्या सव्वाअकराला बोलावलंय, केटामाइनचंही विचारणार आहोत. जुन्या चिठ्ठ्या त्यानेच शोधून फाइलला लावल्यात.